भिजलेलं लाकूड

“तिला नवी होडी आणि मला हे भिजलेलं लाकूड? मग शर्यत लावताच कशाला, सर? निकाल आत्ताच सांगून टाका.”

“आवाज खाली. नवी होडी तिच्या बाबांनी दिलीये. मी काय करू?”

“काही करूच नका. तेच तर करत आलात.”

मित्रांनो, भिजलेलं लाकूड म्हणजे मी. मी एक जुनी होडी आहे, शर्यतीची, एकट्याने वल्हवायची. आणि मला नावं ठेवणारी ही मुलगी आज माझ्यातच बसणार आहे. बोला आता.

भांडणारी ती बगळी. पाय लांबच लांब, मान उंच, म्हणून अख्खी शाळा तिला बगळी म्हणते. नवी होडी जिच्यासाठी आली ती तिची मामेबहीण, छकुली. एवढी मोठी झाली तरी घरचं नाव काही सुटलं नाही. आमची शाळा खासगी, तळ्याकाठची, जिथे गवतालासुद्धा भांग पाडलेला असतो. छकुलीचे बाबा, म्हणजे बगळीचे मामा, शाळेच्या कमिटीवर. बगळी वल्हवते चांगली, म्हणून तिला फी माफ. आज मोठ्या कॉलेजच्या बाई आल्यात. त्यांना या शाळेतून एकच मुलगी न्यायचीये. एकच. छकुलीचं हुकलं तर मामा तिला दुसरीकडे कुठेही घालतील. बगळीचं हुकलं तर आईच्या शिलाईच्या दुकानात काजं करत बसायचं.

मला एका सुताराने बनवलं. फळ्या वाफेवर मऊ करून वाकवल्या, घासल्या, परत घासल्या. दिवसभर माझ्यावरून हात फिरवत बसायचा. त्याची बायको म्हणायची, “माझ्या केसांवरून कधी एवढा हात फिरवलात का?”

मग मी शाळेत आले. तेव्हा पोरं मजा म्हणून होडीत बसायची. माझ्यातून उतरून किती तरी जण त्या मोठ्या कॉलेजात गेले. त्यांचे फोटो हॉलमध्ये लागलेत. फोटोत माझं फक्त टोक दिसतं. पण सर पाहुण्यांना मला दाखवायचे, म्हणायचे, ही आमच्या शाळेची शान.

नंतर कॉलेजातल्या जागा तेवढ्याच राहिल्या आणि रांग वाढत गेली. आता एकेका पोराला वल्हवायला एक सर, पोहायला एक, निबंधाला एक, आणि मुलाखतीत कसं हसायचं ते शिकवायला आणखी एक. मग होडी तरी जुनी कशाला? मला खालच्या फळीवर सरकवलं आणि माझ्यावर रंगाचे डबे ठेवले. डबे, मित्रांनो.

वरच्या फळीवर ती नवी होडी. काळी, चकचकीत, वर मऊ कव्हर. मी जळते तिच्यावर, खोटं कशाला बोलू? अंगावर एक ओरखडा नाही. म्हणजे आयुष्यात केलंय काय तिने?

तर सर पाय आपटत निघून गेले. बगळीने पाना घेतला. दोन्ही होड्यांचे नट नेहमी तीच आवळते. वल्हं ज्या कडीत अडकवतात ती कडी एका नटावर असते. नट सैल असला की पहिल्याच जोराला वल्हं सुटतं आणि माणूस पाण्यात. बगळीने माझे नट आवळले. मग नव्या होडीच्या नटाला पाना लावला आणि एक फेरा फिरवला. उलटा.

मला काय वाटलं सांगू? अजून एक फिरव.

तेवढ्यात छकुली आत आली. चेहरा पांढराफटक.

“ताई, झाली का माझी?”

“होतेय.”

“तू बघितलीस ना? मग मी नाही बघत.” ती पायरीवर बसली. “सकाळपासून दोनदा उलटी झाली. बाबांना सांगू नकोस.”

“का?”

“म्हणतील, एवढी होडी आणून दिली तरी हिची नाटकं चालूच. तुझं बरंय.”

“माझं? माझं काय बरं दिसलं तुला?”

“तू हरलीस तर लोक म्हणतील होडी जुनी होती. मी हरले तर काय म्हणतील?”

बगळीने नटाकडे पाहिलं. पाना तसाच हातात. मग तिने तो नट सुलटा फिरवला, दात-ओठ खाऊन घट्ट केला, दुसरा पण केला.

“ऊठ. आणि सुरुवातीलाच सगळा जोर काढू नकोस. तिथेच तू मार खातेस.”

“हे तू मला का सांगतेयस?”

“हरायचंय तर नीट हर.”

माझं डोकंच फिरलं. हातातोंडाशी आलेला घास घालवला पोरीने. नवी होडी बाहेर नेली तेव्हा सगळ्यांनी फोन काढले. मामा तर फोटोसाठी गुडघ्यावर बसले. मला बगळीने एकटीने खांद्यावर घेतलं, पाण्यात सोडलं, तर कुणी मान वळवली नाही. तळाशी जरासं पाणीही आलं. तिने ते आपल्या टोपीने पुसलं.

मित्रांनो, एक मागणं आहे. जुन्या वस्तूला असंच पुसत जा. आणि दुसऱ्याने विश्वासाने हातात दिलेल्या वस्तूचे नटही आवळत जा, मनात कितीही जळत असलं तरी. हे मला पटलंय असं समजू नका. बगळीला पटलंय, आणि आज मी तिच्या हातात आहे.

बाईंनी शिट्टी तोंडात धरली. बगळीने वल्ही पाण्याला लावली. बास, मला निघायला हवं.