चाळीस कोपरे

भूमिकाच्या पायाला भिंगरी होती असं म्हणणं म्हणजे भिंगरीवर अन्याय आहे. भिंगरी निदान कधीतरी थांबते. ही बसली तरी हिचा उजवा पाय हलत राही, आणि तिची आई कौशल्या दिवसातून दहादा म्हणे, "पाय नोको हलवू वं, घरातली बरकत जाते."

घर छत्तीसगढात, पोलादाच्या प्लांटजवळच्या हुडको कॉलनीतलं. बाप तेजराम भंडाऱ्याकडचं शेत भावांच्या हवाली करून प्लांटमध्ये लागला होता आणि आता रिटायर होऊन बागेतल्या वांग्यांशी बोलत बसे. पोरगी अहमदाबादला डिझाईन शिकून आली, तीन नोकऱ्या धरल्या, तीन सोडल्या आणि एके दिवशी घरी येऊन म्हणाली, मी हाताने कागद बनवणार. वह्या, पाकिटं, पत्रिका. लोकांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. मागच्या अंगणात दोन टब मांडले, बापाचे जुने सुती शर्ट कातरून भिजवले, आईचा मिक्सर लगदा फिरवून फिरवून जाळला. तेजरामने जाळीची चौकट ठोकून दिली. त्या चौकटीने लगदा उचलायचा, पाणी निथळू द्यायचं, कापडावर पालथा घालायचा आणि वाळवायचा. निघे तो कागद मात्र असा की हातात घेतला की खाली ठेववत नसे. हे मी कौतुकाने नाही, खरं म्हणून सांगतो.

पण नुसत्या कौतुकावर कोण किती दिवस थांबेल? दीड वर्षात वाढदिवसाची पाकिटं आणि कोणाकोणाच्या वह्या, यापलीकडे गाडी जाईना. एक ना धड भाराभर चिंध्या, आणि इथे तर खरोखरच चिंध्या. अशात बंगलोरच्या एका कंपनीचं पत्र आलं. भेटवस्तूंची खोकी डिझाईन करायची, एक फेब्रुवारीला रुजू व्हायचं. भूमिकाने ते पत्र फ्रीजवर चिकटवलं आणि आईला सांगून टाकलं, "रमाकाकूची ऑर्डर चांगली झाली त राहीन. नाही त जाईन. मले लटकून राहता नाही येत."

कौशल्याने फ्रीज उघडला, कोथिंबीर काढली आणि फ्रीज बंद केला.

रमाकाकू म्हणजे प्लांटमधले रिटायर ऑफिसर देवानंद यांची बायको. त्यांच्या एकुलत्या एक मृणालचं लग्न फेब्रुवारीत होतं. एकशेवीस पत्रिका. पहिली पत्रिका देवाची असते, म्हणून भूमिकाने ती आधी करून दिली. पांढराशुभ्र जाड कागद, हळदीत रंगवलेलं पिवळं पाकीट, आणि मधोमध हाताने काढलेलं नाव, मृणाल. रमाकाकूंनी ती गणपतीपुढे ठेवली, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अगं, ही वाटायची कशी? ठेवून द्यावीशी वाटते."

इथेच थांबली असती तर! पण थांबेल ती भूमिका कसली. दुसऱ्या दिवशी तिला सुचलं की पत्रिकेचा वरचा कोपरा फाडला, तर पांढऱ्यातून मागचं पिवळं पाकीट डोकावेल. पुण्यात नोकरीला असलेल्या मृणालला तिने व्हिडिओ कॉलवर दाखवलं. मृणाल म्हणाली, "क्या बात है यार, एकदम हटके!" दोघींनी ठरवलं, आईबाबांना सरप्राईज देऊ. या दोघींच्या वाट्याला आयुष्यात एक पोस्टकार्ड आलेलं नव्हतं, हे इथे लक्षात ठेवा.

भूमिका अंगणात बसली. ब्रशने पाण्याची तिरपी रेघ ओढायची, कागद ओलावला की हलक्या हाताने ओढायचा. कात्रीची धार तिला नको होती. फाटलेल्या कडेला मऊ धागे यायला हवे होते. एक, दोन, दहा. कौशल्या कपडे वाळत घालायला आली आणि थबकली.

"कोपरा कावून फाडून राहिली वं?"

"डिझाईन आहे, आई."

"लग्नाच्या पत्रिकेचा कोपरा..."

"आई, तुले समजत नाही त्याच्यात तू बोलत नोको जाऊ ना! प्लीज!"

कौशल्याने चादर झटकली, दोरीवर टाकली आणि आत गेली. संध्याकाळपर्यंत चाळीस झाल्या. बाहेरगावच्या आणि लांबच्या पत्रिका आधी जायला हव्यात म्हणून त्या चाळीस भूमिकाने स्वतःच पत्ते घालून कुरिअरला दिल्या. रमाकाकूंकडे नेऊन दाखवण्याएवढा धीर कोणाला होता! फाडलेले कोपरे मात्र तिने टाकले नाहीत. कागदवाला कपटा टाकत नाही, त्याचा पुन्हा लगदा होतो. ते तिने बिस्किटाच्या डब्यात भरून ठेवले.

तिसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला फोन वाजला.

"भूमिका," रमाकाकूंचा आवाज ओळखू येत नव्हता, "तू पत्रिकांचे कोपरे फाडलेस?"

"हो काकू! सरप्राईज होतं. आवडलं?"

काकू म्हणाल्या, "अगं, कोपरा फाडलेलं पत्र मयताचं असतं."

भूमिकाचा पाय हलायचा थांबला.

आपल्याकडे, आणि इकडे छत्तीसगढातही, मरणाची बातमी ज्या पत्रातून जाई त्याचा कोपरा फाडलेला असे. पोस्टमनच्या हातातच लोकांना कळे. ते पत्र घरात न्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर वाचायचं, फाडून टाकायचं, अंघोळ करायची. ठेवायचं तर मुळीच नाही. कौशल्याला हे ठाऊक होतं. तेजरामलाही ठाऊक असणार, पण तो वांग्यांत होता.

काकू एकेक सांगत गेल्या. बालाघाटहून फोन आला, कोण गेलं? नागपूरच्या मामांनी तर गाडीचं तिकीट काढलं. ते सगळं निस्तरता येईल. पण नंदिनी नगरला देवानंदांची थोरली बहीण होती, सिंधुताई. वय ऐंशीच्या पुढे. आई गेल्यावर देवानंदांना तिनेच वाढवलेलं, आणि मृणालवर तिचा जीव. पत्रिका आली तेव्हा घरात एकटीच होती. मुलगा कमलेश खाणीत फर्स्ट शिफ्टला. ती फोन वापरत नाही. अकरा वाजता कुरिअर आलं, तीन वाजता कमलेश घरी आला.

"चार तास," काकू म्हणाल्या, "चार तास ती मृणाल गेली असं समजून बसली होती. आता म्हणते मी लग्नाला येत नाही. हे म्हणतात, ताई नाही तर कार्य नाही. उरलेल्या पत्रिका राहू दे, आम्ही प्रेसमधून छापून घेतो. आणि ताई म्हणते, ज्या पोरीनं हे केलं तिला माझ्याकडे पाठवा."

फोन ठेवल्यावर भूमिका फ्रीजसमोर जाऊन उभी राहिली. ठरलं होतंच, ऑर्डर चांगली झाली तर राहायचं. झाली नव्हती. बंगलोरला "येते" असं कळवायला दोन मिनिटं पुरली असती. पण हात फोनकडे जाईना. लाज वाटत होती, आणि लाजेखाली भीती, आणि भीतीखाली ती एकटी म्हातारी.

"आई," ती म्हणाली, "खळ करून देतं का? पातळ. मी तिकडे जातो आन तिच्या समोर कोपरा जोडून देतो. फाटलेली कडा कडेत बरोबर बसते."

"जोडलेलं दिसनच."

"नाही दिसत. माझा कागद आहे."

कौशल्याने गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, वाटीला फडकं बांधलं आणि पायात चपला घातल्या. "मी येतो तुह्यासंग."

स्कूटी नंदिनीच्या रस्त्याला लागली. मागे कौशल्या, तिच्या मांडीवर बिस्किटाचा डबा आणि खळीची वाटी. चुनखडीचे ट्रक अंगावर धूळ टाकत जात होते. भूमिका मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती आणि मोडत होती. एरवी तोंडाचा पट्टा चालायचा, आज एक धड वाक्य जमेना.

कमलेशने दार उघडलं आणि बाजूला झाला. सिंधुताई अंगणात उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात बाजेवर बसल्या होत्या. केस अजून ओलसर. जानेवारीत थंड पाण्याने न्हालेली म्हातारी, अंगावर दोन शाली.

"हीच का वं ते?"

"हो आजी," भूमिका खाली बसली. "मीच. आजी, मले मालूम नव्हतं, खरंच मालूम नव्हतं. पत्रिका द्या, मी आत्ता कोपरा जोडून देतो. हे पाहा, सगळे कोपरे आहेत माझ्याजवळ." तिने डबा उघडला. चाळीस पांढरे तिकोने कपटे. "तुमचा कोणता ते मी कडेवरून ओळखीन."

सिंधुताईंनी डब्यात पाहिलं.

"पत्रिका कुठं आहे आता? फाडली न मी. उंबऱ्याभायेरच फाडली. नालीत टाकली."

भूमिकाच्या एका हातात डबा राहिला, दुसऱ्यात वाटी. जोडायला कोपरे चाळीस होते, ज्याला जोडायचं तेच नव्हतं.

"बस," सिंधुताई म्हणाल्या. "ऐक. पाकीट उघडलं, त पयले कोपरा दिसला. मंग मृनालचं नाव. चष्मा नव्हता डोयाले, बाकी काईच नाही दिसलं. तुनं नाव लै सुंदर काढलं वं पोरी, मोठ्ठं. म्हनून त दिसलं. नसतं दिसलं त मी समजली असती का दुसरंच कोनी गेलं." त्यांनी शाल ओढून घेतली. "मी चूल इझवली. पानी घेतलं आंगावर. अन इथंच बसली. चार घंटे माही पोरगी मेली होती. कमलेश आला, म्हने आई, लगन आहे तिचं. म्या तेच्या थोबाडीत मारली. मले वाटलं हा मले समजावून राहिला."

कमलेश दारात उभा होता. त्याने उगाच गालावरून हात फिरवला.

भूमिकाला रडू आलं, अगदी लहान पोरीसारखं, नाकातोंडातून. अहमदाबादच्या सरांसमोर ती कधी रडली नव्हती, तीन नोकऱ्या सोडताना रडली नव्हती. "माझं चुकलं आजी," ती म्हणत राहिली. "माझं चुकलं."

म्हातारीने तिला पोटभर रडू दिलं. मग डबा ओढून घेतला, त्यातला एक कपटा उचलला आणि दोन बोटांत चोळला.

"कायचा हाय कागद? फाडतानी हाताले समजला. कापडावानी फाटला."

"माह्या बाबाचे शर्ट आहेत," भूमिका नाक ओढत म्हणाली. "प्लांटमधले."

"हं." सिंधुताईंनी कमलेशला हळद आणायला सांगितली. त्या एका कपट्याला बोटाने हळद लावली आणि तो देवाच्या कोनाड्यात नेऊन ठेवायला दिला. "लग्नाच्या पत्रिकेच्या चारही कोपऱ्याले हळद लावतेत. माह्या घरी एकच कोपरा आहे, त एकच. जाय कमलेश, देवानंदमामाले फोन लाव. सांग, ताई येऊन राहिली म्हनून."

कौशल्याने पदर डोळ्यांना लावला. भूमिका उठू लागली तसा म्हातारीने तिचा हात धरला.

"थांब. असे किती पाठवले होते?"

"चाळीस."

"मंग मलेबी चाळीसच कर. कोरे. माह्यासाठी."

"तुमच्यासाठी? कशाचे?"

"कशाचे मंग? आजकाल मानूस गेलं का मोबाईलवर फोटो टाकतेत, खाली हात जोडतेत, झालं. मले तसं नोको. माहं पत्र गेलं पायजे घरोघरी, असंच कापडावानी. लोकायनं उंबऱ्याभायेर उभं राहून वाचलं पायजे. तुले कोपरा चांगला फाडता येते. पन आत्ता फाडू नोको हां. ठेवून दे. वेळ आली का फाडजो."

दीड वर्षाची सवय. भूमिकाच्या तोंडून निघून गेलं, "डिलिव्हरी कधी पाहिजे?"

बोलून जीभ चावली. पण सिंधुताई अशा हसल्या की शाल खांद्यावरून घसरली. "कोनाची वेळ कधी येते ते मले मालूम असतं त सकायी आंगावर पानी कायले घेतलं असतं वं!"

परत निघाल्या तेव्हा सूर्य खाणीच्या ढिगाऱ्यांमागे गेला होता. मैलभर गेल्यावर भूमिकाने गाडी हळू केली.

"आई, त्या दिवशी तू कावून नाही बोलली?"

"बोलली होती," कौशल्या मागून म्हणाली. "एकडाव."

"मंग परत कावून नाही बोलली?"

"तू लै शिकलेली. परत बोलाची हिंमत नाही झाली मले."

भूमिकाने गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. मागे वळून आईकडे पाहायचं होतं, पण स्कूटीवर तसं नीट वळता येत नाही. तिने समोर पाहतच आईचा गुडघा धरला आणि धरूनच ठेवला. दोन ट्रक गेले.

"एक तारखेचं काय करशीन?" कौशल्याने विचारलं.

"नाही जात. आजीची ऑर्डर आहे ना."

"अवं, तिच्या ऑर्डरले त दहा-पंधरा वर्सं निघतीन अजून."

"निघू दे ना," भूमिका म्हणाली. "मी राहतो तवरी. पण कागदाले हात लावाच्या आधी तुले विचारीन. तू एकडाव नाही, दहा डाव बोलजो."

कौशल्याने कलंडलेली खळीची वाटी सावरली, डबा पोटाशी धरला. "चाल मंग, बाबा वाट पाहून राहिले असतीन," ती म्हणाली. "अन मिक्सर नवा आन पयले. चटनी पाट्यावर वाटून वाटून हात गेले माहे."