शीतलनाथांचा काटा

मल्हारगंजातल्या त्या गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध शीतलनाथ महाराज एका पोराच्या उघड्या पोटावर बाभळीचा काटा धरून बसले होते. पोरगा म्हणजे धनेश. ऑपरेशनमध्ये त्याच्या आतड्याचं तोंड पोटावर काढून त्यावर पिशवी लावलेली. माझंही तसंच आहे, दीड वर्ष झालं. तुकोगंजच्या दवाखान्यात पिशवी बदलायला शिकताना आमची ओळख झाली.

"देखो भक्तो, कच्चा मांस है. सुई लगे तो आदमी चीख पड़े. पर ये नाथजी का काँटा है." महाराजांनी पिशवी बाजूला करून त्या लाल तोंडावर काटा टोचला. रक्ताचा थेंब आला. "दर्द हुआ?"

"नाही," धनेश म्हणाला.

"चमत्कार है भिया," माझ्यामागचा माणूस पुटपुटला आणि त्याने हात जोडले.

माझं डोकं फिरलं. या दुखण्याने आधीच जीव नकोसा केलाय. पिशवी गळते, भोवतालची कातडी सोलवटते, शेजारी हर्निया फुगलाय. डॉक्टर म्हणतात जाळी बसवू, पण पुन्हा फुगू शकतो. आतडं परत जोडू, पण जोड गळू शकतो. नाहीतर पट्टा बांधून असंच राहा. 'पण' ऐकून ऐकून वैताग आलाय. आणि इथे हा माणूस, ज्याच्या तोंडात 'पण' नाहीच.

धनेशच्या आईने, प्रेमलताकाकूंनीच मला हौसेने बोलावलं होतं. "नीरजा, बघ, कालपासून थैली एकदम सुकी. महाराज म्हणतात छेद मिटतोय. आता दवाखाना बंद."

"कालपासून काहीच आलं नाही?" मी धनेशकडे पाहिलं. पोट फुगून टम्म, ओठ कोरडे. "दुखतंय का रे?"

"आत कळ येते ताई. उलट्याही झाल्या."

माझ्या पिशवीचं सासरी कुणाला माहीत नाही. ऑफिसात मी पोटावरची ओढणी हलू देत नाही. त्या गर्दीसमोर मी कुर्ता वर केला, पिशवी सोडवली आणि माझ्या आतड्याच्या तोंडाला चिमटा काढला.

"मंत्र नाही, नाथजी नाहीत, तरी मला दुखलं नाही. या तोंडाला टोचल्याचं कळतच नाही, कुणाच्याही. कातडीला मात्र कळतं. महाराज, आता तोच काटा तुमच्याच पोटाच्या कातडीवर टोचा. मंत्र म्हणत टोचा."

महाराजांनी काटा झोळीत टाकला. "स्त्री ने विघ्न डाला. शक्ति चली गयी."

"किती सोयीची शक्ती," मी म्हणाले. "काकू, मोरीच्या पाइपातून पाणी बाहेर पडेनासं झालं तर ती साफ झाली म्हणता की तुंबली? याचं आतडं अडकलंय."

काकू महाराजांकडे बघत राहिल्या. मग धनेशच उठायला लागला. "आई, चल."

दवाखान्यात त्याच्या नाकातून नळी घातली. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत. अडकलेलं आतडं सुटेल असं वाटतंय. पण खात्री देत नाही."

"इथेही पणच," काकू रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

मी काकूंचा हात धरून बसले. मलाही त्या शब्दाचा राग येतो, आजही. पण तो म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारता येतो, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेता येतं. ज्याच्या तोंडात तो नाहीच, त्याच्या हाती आपलं लेकरू देण्याआधी एवढंच म्हणा: महाराज, काटा आधी स्वतःला टोचा.