उंबरठ्याबाहेरचा नळ

खाणीतली कुठलीही वस्तू धुतल्याशिवाय उंबरठा ओलांडणार नाही, हा त्या घरचा कायदा होता आणि तो घरच्या बाईनं केला होता. नवरा पाळी संपवून फाटकात दिसला की ती बादली घेऊन दारात उभी. "बाहेरच थांबा! एक पाऊल आत टाकाल तर खबरदार!" मग दाराबाहेरच्या नळावर बूट, डबा, टोपी, हात, सगळं धुऊन निघायचं. आख्ख्या खाणीचं पाणी उपसणारा हा पंपवाला घरच्या नळापुढे मात्र गरीब गाय. बाई जाऊन आता कैक वर्षं झाली, मागोमाग खाणही बंद पडली, पण कायदा शाबूत राहिला.

आणि अशा घरात सून आली तीही खनिजांची अभ्यासक, संग्रहालयात नोकरीला! सासऱ्याचं आणि तिचं असं काही गूळपीठ जमलं की मुलगा म्हणायचा, "मी या घरचा जावई आहे की काय?"

सुनेला वेड एकाच गोष्टीचं: जुन्या खाणींच्या भिंतींवर जे उगवतं त्याचं. चहा पिता पिता ती सांगायची, "बाबा, दगडात ते सोनेरी, चकचकीत असतं ना, लोखंडाचं आणि गंधकाचं?"

"खोटं सोनं. त्याच्यापायी आमचे पंप सडायचे."

"तेच. तुम्ही डोंगर फोडलात, त्याला हवा लागली, ओल लागली, की ते हळूहळू आंबतं. ते आंबट पाणी झिरपतं आणि वाळता वाळता त्याचे खडे धरतात. लोखंड असलं तर हिरवट हिराकस, तांबं असलं तर निळं मोरचूद. आणि एखाद्या कोपऱ्यात सगळंच जुळून आलं, तर असं काही, की जगात दोन-चार ठिकाणीच सापडेल."

"आम्ही त्याला घाण म्हणायचो," सासरे म्हणायचे. "फावड्यानं खरवडून टाकायचो." यावर ती कपाळाला हात लावायची आणि दोघं हसायची.

खाण बंद असली तरी पाणी उपसणं चालू होतं. ते कायमचं थांबणार अशी बातमी आली, तशी सून शेवटची म्हणून खालच्या बोगद्यात जाऊन आली. संध्याकाळी घरी आली ती बरणी छातीशी धरून, चेहरा नुसता फुललेला. "बाबा, सापडला! लग्नाआधीपासून ज्याच्या मागे होते ना, तो खडा!" तेवढ्यात संग्रहालयातून फोन आला. बरणी बाहेरच्या कट्ट्यावर ठेवून ती बोलत बोलत आत गेली.

पंपवाल्यानं झाकण उघडलं. मुठीएवढा दगड, त्यावर मधाच्या रंगाचे खवले, आणि सगळ्यावर खाणीचा चिखल. सुनेची एवढी लाडकी वस्तू, लख्ख करून द्यावी, असं त्याच्या मनात आलं. खरं सांगायचं तर मनाला कोणी विचारलंच नाही. हात आपला आपणच नळाकडे गेला. त्यानं अंगठ्यानं चोळून चोळून दगड धुतला. पिवळं पाणी मोरीत गेलं आणि हातात काळा धोंडा उरला.

"बाबा, त्याला पाणी तेवढं—" सून दारात आली आणि तिथंच थांबली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "असू दे, बाबा."

"उद्या परत जाऊ. मी वाट दाखवतो."

"आज दुपारी पंप थांबले. आता तिथं पाणी चढेल."

पाणी चढेल म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावायला नको होतं. भिंतीवरचं उरलंसुरलंही विरघळणार. तो नळाशीच बसून राहिला. आत सून भांडी उगीचच आपटत होती आणि मधेच नाक ओढत होती. जन्मात एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

बऱ्याच वेळानं ती येऊन शेजारी बसली. "बाबा, तुमचं त्या बोगद्यातलं काही घरात आहे का? न धुतलेलं?"

"न धुतलेलं? तुझ्या सासूच्या राज्यात?" तो हसायला गेला आणि त्याला काहीतरी आठवलं. मग उठला आणि न्हाणीघरामागच्या पडवीतून पत्र्याचा एक डबा घेऊन आला. घट्ट झाकणाचा.

"ती गेली, त्यानंतर माझी शेवटची पाळी झाली. बूट हातात घेऊन इथंच उभा राहिलो. म्हटलं, आता ओरडेल. ओरडायला कोणी नव्हतं, पोरी. मग धुवायचं तरी कोणासाठी? असेच ठेवून दिले. पुन्हा उघडून बघायची हिंमत झाली नाही."

झाकण चिकटलं होतं. दोघांनी मिळून ओढलं. आत बुटांच्या शिवणींत, तळव्याच्या खाचांत, चिखलाच्या प्रत्येक भेगेत मधाच्या रंगाचे खवले दाट धरले होते. पडवीची ओल, बंद डबा आणि इतकी सगळी वर्षं. सुनेनं तोंडावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी बघून तो घाबरून म्हणाला, "अगं, त्यावर रडू नकोस! विरघळेल!"

"बूट न्यावे लागतील, बाबा," ती हलकेच म्हणाली.

त्यानं डबा पोटाशी धरला. मग तिच्या हातात दिला.

तपासणीत खनिज तेच निघालं. संग्रहालयाच्या प्रमुखांना फक्त खवले हवे होते. सून म्हणाली, बूट राहिला तरच खवले राहतील. म्हणून एक बूट जसाच्या तसा ओल राखणाऱ्या काचेच्या पेटीत गेला. दुसरा तिनं डब्यासकट सासऱ्याला परत केला.

संग्रहालयाचं नवं दालन उघडायच्या दिवशी पंपवाला इस्त्रीचा सदरा घालून पेटीसमोर उभा होता. तेवढ्यात सफाईवाला बादली आणि ओलं फडकं घेऊन दारातून आत येऊ लागला. तोंडातून निघालेल्या आवाजावर पंपवाल्याचा काही ताबा राहिला नाही.

"बाहेरच थांबा! एक पाऊल आत टाकाल तर खबरदार!"

दालनात सगळे वळून बघू लागले. सफाईवाला एक पाय उचललेला, तसाच उभा. सून धावत आली आणि सासऱ्याचा चेहरा बघून तिनं त्याचा हात धरला.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "अशीच ओरडायची."