माझे हरवलेले दहा सेंटिमीटर

मी एक जुनी टेप आहे. मोजायची, कापडी, गोल चामडी डबीत गुंडाळलेली. लांबी वीस मीटर. पण हे सांगताना मला संकोच वाटतो, कारण माझे पहिले दहा सेंटिमीटर आता नाहीत. तेव्हा मित्रांनो, माझे बोलणे तेवढे वजा करूनच ऐका.

कारखान्यात माझ्यावर काळे-तांबडे आकडे छापले गेले, तेव्हा वाटले होते, आपण मोठमोठ्या बंगल्यांची मापे घेऊ. गेले मात्र एका वनरक्षकाच्या झोळीत. बत्तीस वर्षे मी त्यांच्याबरोबर टेकडीमागच्या रानात हिंडले. छातीच्या उंचीवर मला खोडाभोवती गुंडाळायचे, आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा, हे आमचे काम. लांबून पाहणाऱ्याला वाटे, हा माणूस झाडांना मिठ्या मारतो आहे.

एकदा खोडाच्या खाचेत माझे टोक अडकले आणि तुटले. कचेरीने नवी टेप कबूल केली. ती अजून यायची आहे. वनरक्षक माझ्यावर रागावले नाहीत. प्रत्येक आकड्यातून ते मुकाट्याने दहा वजा करू लागले.

निवृत्तीनंतर आम्ही दोघेही घरी बसलो. ते खिडकीपाशी, मी कपाटाच्या वरच्या फळीवर सुतळीच्या गुंड्याशेजारी. सहा वर्षे मला कोणी उघडले नाही.

मग एका रविवारी त्यांची मुलगी लॅपटॉप घेऊन आली. आकाशातून काढलेल्या फोटोंवरून केलेला साऱ्या जगातल्या जंगलांचा नकाशा तिने उघडला.

"बाबा, आपलं रान बघा."

वनरक्षकांनी चष्मा पुसला. "हिरवं कुठंय?"

नव्हतेच. रानाच्या जागी फिकट पिवळा रंग होता, म्हणजे मोकळी जमीन. रस्त्यापलीकडची फळबाग मात्र जंगल म्हणून गर्द हिरवी.

"पानगळीत काढलाय फोटो. झाडं उघडीबोडकी दिसली, म्हणून काय नाहीशी झाली?"

"म्हणूनच तर नकाशा करणाऱ्यांनी तज्ज्ञांना बोलावलंय. आमच्या चुका दाखवा, मापं आणि फोटो पाठवा, म्हणतात. शनिवारपर्यंत. नाहीतर नव्या नकाशातही आपलं रान नाही."

"तज्ज्ञांना बोलावलंय ना? मग तज्ज्ञ बघतील."

स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, बत्तीस वर्षं झाडांना मिठ्या मारल्यात. तज्ज्ञ नाही तर कोण, त्या झाडांचे जावई आहात?"

ते हसले नाहीत. चार दिवस खिडकीबाहेर बघत राहिले. शुक्रवारी सकाळी मात्र त्यांनी स्वतःच कपाट उघडले आणि माझ्यावरची धूळ फुंकली.

तिघेही रानात गेले. पत्नी मला धरून खड्या आवाजात आकडे वाचत, मुलगी लिहून घेई, वनरक्षक फोटो काढत. संध्याकाळपर्यंत चाळीस झाडे झाली. किती दिवसांनी मला सालीचा खरखरीत स्पर्श झाला!

घरी आल्यावर त्यांनी जुनी वही काढली. "हे वाकडं झाड सहा वर्षांत एवढं सुटलं?"

"तुम्ही नाही का सुटलात?" पत्नी म्हणाल्या.

पण दुसरे झाडही सुटले होते आणि तिसरेही. वनरक्षकांचा चेहरा उतरला. "टेप तुटकी आहे, हे सांगायलाच विसरलो मी. सगळे आकडे चुकले. कसला आलाय तज्ज्ञ! राहू दे, पाठवू नकोस."

मला डबीत पार आतपर्यंत शिरावेसे वाटले. सारे माझ्यामुळे झाले होते.

मुलीने विचारले, "बाबा, चूक पकडली कुणी?"

"मीच."

"किती चुकलंय?"

"दहा."

"सगळीकडे दहाच?"

"दहाच."

"मग?"

 वनरक्षकांनी पेन्सिल घेऊन चाळीसही आकड्यांतून दहा-दहा वजा केले. मापांसोबत पाठवायच्या अर्जात 'आपली पात्रता' असा रकाना होता. तिथे त्यांनी मुलीला लिहायला सांगितले, 'निवृत्त वनरक्षक. बत्तीस वर्षे याच रानात.' आणि खाली, 'टेपचे पहिले दहा सेंटिमीटर तुटले आहेत. तेवढे वजा केले आहेत.'

काही महिन्यांनी नवा नकाशा आला. टेकडीमागे बोटाच्या नखाएवढा हिरवा ठिपका होता. सोबत पत्र होते, 'तुटक्या टेपची नोंद केलीत, म्हणून तुमच्या आकड्यांवर आमचा विश्वास बसला. शेजारच्या खोऱ्याचीही मापे पाठवाल का?'

वनरक्षकांनी ते पत्र तीनदा वाचले. पत्नी म्हणाल्या, "चला जावईबापू, सासरहून बोलावणं आलंय!"

मित्रांनो, एवढा मोठा नकाशा, पण 'माझे कुठे चुकते?' असे विचारायला लाजला नाही. तुम्हीही लाजू नका. आणि तुमच्या घरी कुठल्या फळीवर माझ्यासारखे कोणी पडले असेल, तर टाकून देण्याआधी त्याचे किती तुटले आहे, ते एकदा मोजून पाहा.

माझे अजून एकोणीस मीटर नव्वद सेंटिमीटर शिल्लक आहेत.