मोठ्याने वाचताना

टोपण एकाच बाजूने झिजलेलं होतं. काळं, रबरी, कुबडीच्या टोकाला बसवतात तसलं... टाचण्या ठेवायला बरं पडतं म्हणून आणलंय, असं कोणी विचारलं तर सांगायचं तिने ठरवून ठेवलं होतं. पण वर्षभरात कोणी विचारलं नाही, कारण प्रकाशन संस्थेतल्या टेबलांवर याहून विचित्र वस्तू बिनदिक्कत नांदत असतात. डावी कड जवळजवळ सपाट, उजवीवरची नक्षी अजून शाबूत – म्हणजे दादा सगळा भार एकीकडेच टाकून चालायचा, आणि ही गोष्ट सख्ख्या बहिणीला तो गेल्यावर, रबराच्या तुकड्याकडून कळली होती.

"लंगड्या स्वल्पविराम इकडे ये उद्गारचिन्ह," समोरून घसाकाका वाचत होते.

"थांबा. माझ्याकडे 'दिवेवाल्या' आहे."

"बदल?"

"बदल."

"शंभर वर्षांनी का होईना, बिचाऱ्याला बढती मिळाली," घसाकाका म्हणाले आणि लवंग या गालातून त्या गालात सरकवली.

इथली पद्धत जुनी. एकाने जुन्या आवृत्तीतून मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने नव्या प्रुफावर डोळे ठेवायचे. आवाज आणि अक्षर जुळलं की पुढे, नाही जुळलं की थांबा. घसाकाका निवृत्त होऊनही फक्त या कामासाठी येत. खून आणि लग्न त्यांच्या आवाजात सारखंच ऐकू येई, आणि वाचणाऱ्याकडून याहून जास्त काही अपेक्षित नसतं.

कादंबरी सगळ्यांनी वाचलेली, निदान वाचली म्हणून सांगितलेली. एका धुळकट गावात संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लावत फिरणारा माणूस. एक पाय अधू. सगळं गाव त्याला लंगड्या म्हणतं, आणि लेखकही, कोणी बोलत नसतानासुद्धा, खुशाल लंगड्याच म्हणतो. त्याला दुसरं नाव पुस्तकभर नाही. आता ही शाळांसाठी नवी आवृत्ती. धाकट्या मालकांनी शब्द बदलण्यासाठी एक तक्ताच करून दिला होता. त्या तक्त्याप्रमाणे 'थेरडा' गेला आणि 'ज्येष्ठ व्यक्ती' आली, त्यामुळे पाचव्या प्रकरणात मुलगा बापाच्या अंगावर धावून जात "मर एकदाचा, ज्येष्ठ व्यक्ती!" असं ओरडत होता – तेव्हा घसाकाकांच्या घशात लवंग अडकली होती. लंगड्याचं आधी 'चालण्यात अडचण असलेला' झालं होतं. पण पुस्तकातली पोरं त्याच्यामागे ओरडत पळतात, आणि एवढं ओरडत पळायचं तर पोरांनाच धाप लागली असती, म्हणून शेवटी 'दिवेवाला'. आठवडाभर ती या शब्दाला हसत होती. हात धुऊन, भांग पाडून आलेला शब्द, कोणाच्या अध्यात ना मध्यात...

धाकटे मालक वाईट नव्हते, हीच अडचण होती. "मॅडम, वर्गात एखादं तसं पोर बसलेलं असेल," काल ते म्हणाले होते, "आणि मागच्या बाकावरून कोणी हाक मारली, तर म्हणेल की पुस्तकातच आहे. मग आपण काय सांगायचं?"

"पुस्तक नव्हतं तेव्हा काय मागचा बाक मुका होता?"

"मुका नव्हता. पण आपण त्याला छापील शब्द तरी देत नव्हतो."

यावर ती ताडकन म्हणाली होती की शब्द गेला तर संपादक म्हणून माझंही नाव काढा. या लेखकाच्या पुस्तकांत तिची उमेद गेली होती, केस गेले होते. हे शेवटचं पुस्तक राहिलं होतं. धाकट्या मालकांनी हात जोडले. "उद्या संध्याकाळपर्यंत विचार करा. मग छपाईला जाईल, तुमच्या नावासकट किंवा नावाशिवाय."

विचार कसला करायचा? तो शब्द दादाचा होता. नवी शाळा, पहिला दिवस, गुरुजींनी नाव विचारलं, आणि दादा कुबडीवर रेलून उभा राहून म्हणाला – मला लंगड्या म्हणा, पुस्तकात आहे तसं, म्हणजे कोणाला नाव शोधत बसायला नको. वर्ग हसला, गुरुजी हसले, सगळ्यात मोठ्याने दादा हसला. मी खालच्या वर्गात होते, मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. त्यानंतर कोण काय चिडवणार होतं त्याला? दगड त्याने त्यांच्या हातातून काढून घेतला होता. ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल... लग्नात सांगितली, शोकसभेत सांगितली, शोकसभेतही लोक हसले. आणि आता चार शहाणी माणसं तो दगड त्याच्या हातातून काढून घेऊन तिथे फूल ठेवणार.

जेवणाच्या सुट्टीत वहिनीचा फोन आला.

"ताई, कपाट आवरायला घेतलंय. कुबड्यांची जोडी दवाखान्यात देऊन टाकू का? एकीचं टोपण मात्र कुठे गेलं कोणास ठाऊक."

तिने टोपणावर हात ठेवला, जणू फोनमधून दिसणार होतं. "असेल कुठेतरी," ती म्हणाली, आणि विषय बदलायचा म्हणून कालचं सगळं सांगून टाकलं – तक्ता, ज्येष्ठ व्यक्ती, हात जोडणारे मालक, सगळं. "पण मी तो शब्द काढू देणार नाही, वहिनी. दादाचा शब्द आहे तो."

पलीकडे कपाटाचं दार कुरकुरलं.

"कोणतं पुस्तक? ते दिव्यांचं? ह्यांनी वाचून दाखवलंय की ते पिल्लूला, लहान होती तेव्हा. रोज थोडं थोडं."

"बघ! मी म्हणते तेच—"

"तो शब्द नाही वाचायचे पण. दिवेवाला म्हणायचे."

तिने टोपणावरचा हात उचलला.

"मी तिथेच भाजी निवडत बसलेली असायचे ना. एकदाही चुकले नाहीत. शब्द यायच्या आधी जरा थांबायचे, चष्मा वर सरकवायचे, की मग दिवेवाला. मला वाटायचं, तसंच लिहिलंय. पिल्लूला शाळेत कळलं. सगळा वर्ग हसत होता म्हणे आणि हिला कळेना कोणाला हसतायत. घरी येऊन दप्तर आपटलं. म्हणाली, बाबा, तुम्ही मला खोटं पुस्तक वाचलंत."

"मग? दादा काय म्हणाला?"

"काय म्हणणार? हसले."

"मोठ्याने?"

"नाही हो. ते मोठ्याने हसणं तुमच्याकडचं. घरी नाही हसायचे तसे."

"मला कधी बोलला नाही, वहिनी."

"तुम्ही इतक्या कौतुकाने सांगायचात ती शाळेची गोष्ट," वहिनी म्हणाली, आणि तिच्या आवाजात तक्रार नव्हती, ही सगळ्यात वाईट गोष्ट, "ते म्हणायचे, राहू दे, तिला आवडते."

दुपारी घसाकाकांचा घसा बसला. लवंगा संपल्या, आता तुम्ही वाचा, मी प्रूफ बघतो, ते खुणेनेच म्हणाले. तिने जुनी प्रत ओढून घेतली. शेवटचं प्रकरण. दिवे लावणारा मेला आहे, आणि गावाला ते अजून माहीत नाही. संध्याकाळ होते, रस्ते काळे पडतात, माणसं दारांत येऊन उभी राहतात, मग कोणीतरी अंधारात हाक मारतं, मग दुसरं, मग सगळं गाव... जन्मभर ज्या शब्दाने त्याला हिणवलं त्याच शब्दाने, कारण माया करायला त्यांच्याजवळ दुसरा शब्दच नाही. इथे 'दिवेवाला' चालणार नाही. इथे गावाची सगळी लाज त्या एका शब्दात आहे. हे तिला कालही माहीत होतं, आजही माहीत होतं, आणि दादाला – इतक्या बारकाईने वाचणाऱ्या दादाला – माहीत नसेल? माहीत असूनही पोरीसमोर, त्या अंधारात, त्याने...

"आणि मग सबंध गाव हाका मारू लागलं अपूर्णविराम," तिने वाचलं, आणि थांबली. शब्द समोर होता, चांगला ठळक. तिचा हात आपोआप वर गेला आणि चष्मा वर सरकवून खाली आला.

भिंतीपलीकडून ऐकलेलं ते हसणं तिने पुन्हा ऐकायचा प्रयत्न केला. वर्ग ऐकू आला. गुरुजी ऐकू आले. दादाचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता, एवढंच. तो हसण्याचाच होता, हे भिंतीपलीकडून मी कशावरून ठरवलं?

वर्षभर मी रडले ते त्या हसणाऱ्यासाठी. हा दुसरा, शब्दाआधी थांबणारा – हा आज दुपारी भेटला, आणि भेटला तो गेलेलाच. याच्यासाठी अजून कोणी शोकसभा घेतलेली नाही, आणि घेतली असती तरी मी काय बोलले असते, माझ्याजवळ याची एकही गोष्ट नाही...

घसाकाका प्रुफातल्या ओळीवर बोट ठेवून वाट पाहत होते. खिडकीबाहेर उजेड उतरू लागला होता. आतल्या खोलीत धाकट्या मालकांची खुर्ची सरकली.

"बदल?" बसक्या आवाजात घसाकाकांनी विचारलं.

तिने तोंड उघडलं. दोन्ही शब्द जिभेवर होते, आणि पहिल्यांदाच दोन्ही सारखेच दुखत होते.