न दुखणारे हात

मित्रांनो, मला बघून "हा खोटा ड्रम" असं म्हणू नका. म्हातारा म्हणा, फुटका म्हणा, माझ्या पिवळ्या पॅडवरची चिकटपट्टी बघून खुशाल हसा. पण खोटा म्हटलं की माझं डोकंच फिरतं. मी व्हिडिओ गेमचा ड्रम आहे. चार रबरी पॅड, खाली पायाचं एक पेडल आणि मागे एक लांब वायर, एवढाच माझा संसार. टीव्हीच्या पडद्यावर रंगीत ठोकळे वरून घसरत खाली येतात. ठोकळा रेघेवर टेकला की त्याच रंगाच्या पॅडवर काठी पडायला हवी. जरा आधी पडली तर चूक, जरा उशिरा पडली तरी चूक. खोट्याला इतकी शिस्त असते का हो?

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे एक लोखंडी हात माझ्या प्रत्येक पॅडवर ठोके मारून बघायचा. त्या ठोक्यांत राग नव्हता, आनंद नव्हता, दमणं नव्हतं. बिनजिवाचा ठोका कसा लागतो हे मला अगदी पहिल्या दिवशी कळलं.

मग मी मुंबईला एका मॉलमधल्या गेमच्या हॉलमध्ये आलो. काय थाट होता माझा! माझ्यापुढे रांग लागायची. घामेजलेली मुलं, नवी जोडपी, कधी एखादे आजोबासुद्धा माझ्यावर हात साफ करून जायचे. कुणी नीट वाजवलं की सगळा हॉल टाळ्या वाजवायचा आणि मला वाटायचं, टाळ्या माझ्यासाठीच आहेत. पुढे नवी यंत्रं आली, माझा पिवळा पॅड तडकला आणि मला जिन्याखाली सरकवलं. तिथे धूळ खात पडलो असताना माझ्याकडे बघणारा एकच माणूस होता, हॉलचा रखवालदार रघू. हॉल बंद झाला तेव्हा मालक म्हणाला, "घेऊन जा, नायतर भंगारात जाईल." रघूनं मला गेमच्या यंत्रासकट चादरीत बांधलं आणि गावच्या गाडीत घातलं. पहाटे रत्नागिरीच्या अलीकडे हातखंब्याला उतरलो, तिथून रिक्षानं आत वाडीवर. जांभ्या दगडाचं चिऱ्यांचं घर, पुढे सारवलेलं अंगण, बाजूला काजूची झाडं. मॉलच्या गारव्यातून आलेला मी, पहिल्याच दुपारी उकाड्यानं हैराण झालो.

रघूनं मला घरच्या टीव्हीला जोडलं आणि सुट्टी संपवून तो मुंबईला परत गेला. घरात तीन बायका राहिल्या. रघूची बायको बकुळा दिवसभर काजूच्या कारखान्यात कामाला असायची. दुसरी हौसाकाकी, रघूच्या थोरल्या भावाची, केरूची विधवा. आणि तिसरी रघूची मुलगी दिशा. ती सकाळी रत्नागिरीला कॉलेजला जायची, दुपारी घरी यायची, आणि जेवली न जेवली की माझ्यासमोर स्टूल ओढून बसायची.

सुरुवातीला तिनं मला अक्षरशः बडवलं. काठ्या गच्च आवळून धरायच्या आणि खांद्यापासून हाणायचं! हौसाकाकी अंगणातून ओरडायची, "काय गो, मसाला कांडतंस काय? हळू मार, फुटंल तो!" मला ती बाई तिथेच आवडली.

पण दिशा हट्टी होती आणि हट्टी मुलं मला फार आवडतात. हळूहळू तिला समजत गेलं. काठी आवळायची नाही, दोन बोटांच्या चिमटीत तोलायची, बाकीची बोटं नुसती सोबतीला. ठोका मारल्यावर रबर काठीला आपणच वर उडवतं, ती उडी फुकट घालवायची नाही. खांदा सैल सोडायचा, काम मनगटानं करायचं. पेडल दाबताना टाच जरा उचलायची. अवघड तुकडा आला की गेमचा वेग निम्म्यावर आणायचा, तोच तुकडा पुन्हापुन्हा घोटायचा आणि बिनचूक जमला तरच वेग थोडा चढवायचा. माझ्यावर बसण्याआधी ती घडी केलेल्या गोधडीवर हात मोकळे करायची. पोटऱ्या भरून आल्या की उठून पाणी पिऊन यायची. तिच्या बोटांना फोड आले, ते फुटले, तिथली कातडी कडक झाली. मला तिचा दम कळायचा. ती दमली की ठोका पॅडच्या मधून सरकून कडेला पडायला लागायचा. मी मनात म्हणायचो, थांब गो बाय, बस झालं आजच्यापुरतं.

त्या गेममध्ये सगळ्यात शेवटी एक गाणं होतं. संपता संपत नाही असं लांबलचक, आणि शेवटाकडे तर ठोकळ्यांचा नुसता पाऊस. शिमग्याच्या आधी रत्नागिरीत एका हॉलमध्ये स्पर्धा होती आणि तिथे हेच गाणं एकही ठोका न चुकवता वाजवायचं होतं. दिशाचं गाडं दर वेळी शेपटाला अडायचं. हात लाकडासारखे व्हायचे आणि पडदा लाल होऊन गाणं बंद पडायचं. ती काठ्या फेकून द्यायची, रडायची, नाक पुसायची आणि परत बसायची. आणखी थोडे दिवस मिळाले असते तर तिनं ते जमवलंच असतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

पण एका दुपारी तिची एक काठी मधोमध चिरली. नवी आणायची तर रत्नागिरीला जावं लागणार होतं. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि तिची नजर वर वाशाला बांधलेल्या लाल फडक्याच्या पुरचुंडीवर गेली. त्यात ढोलाच्या काठ्या होत्या, एक जाड लाकडी आणि एक बारीक वेताची. त्या केरूकाकांच्या. वाडीच्या देवीची पालखी शिमग्यात घरोघरी नाचायची तेव्हा ढोल केरूकाका वाजवायचे. काही वर्षांपूर्वी वाजवता वाजवताच ते कोसळले आणि गेले. त्या घरची रीत अशी की शिमगा सरला की काठ्या फडक्यात बांधून वर ठेवायच्या, आणि पुढची पालखी दारात येईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. दिशाला हे ठाऊक होतं. पण तिनं विचार केला असणार, प्लास्टिकवर वाजवलं तर ते काय वाजवणं म्हणायचं! बघा, इथेही मला खोटंच ठरवलं.

पहिला ठोका पडला आणि मी थंड पडलो.

काठी तिच्या हातात होती, पण ठोका तिचा नव्हता. तिचे ठोके मला पाठ होते. त्यात घाई असायची, मधेच लाज असायची, चूक झाली की पुढच्यावर जास्त जोर पडायचा. हा ठोका पॅडच्या बरोबर मध्यावर पडला आणि दुसराही तिथेच. त्या कारखान्यातल्या लोखंडी हातानंतर असा ठोका मला प्रथमच लागत होता. दिशा मात्र हरखून गेली. "काकी, बघ गो! हात दुखतच नाहीयेत!"

त्यानंतर तिनं वेग कमी करून घोटणं सोडून दिलं. गोधडी कोपऱ्यात पडून राहिली. पाण्याला उठणं बंद झालं. तासन्‌तास वाजवायची, पण कपाळावर घामाचा थेंब नाही. बोटांची कडक झालेली कातडी मऊ पडत गेली. आईनं ताट वाढून ठेवलेलं तसंच राहायचं. चेहरा मात्र उतरत चालला होता, ओठ पांढुरके दिसायला लागले होते. गाणं संपलं, पडदा शांत झाला, तरी तिचे हात थोडा वेळ चालू राहायचे. ते ठोके गाण्यातले नसायचे. संथ, जड, मग एकदम उसळणारे असे काही निराळेच. दिशा हसून म्हणायची, "सवय लागलीये हाताला." मला काही हसू येत नव्हतं.

एका दुपारी तिनं दोन्ही पाय स्टुलाच्या दांडीवर घेतले होते. बघण्यात माझी चूक होईल, पण माझ्यावर काय टेकतं ते मला अचूक कळतं. तिचे पाय माझ्यावर नव्हते. आणि माझं पेडल खाली गेलं. वर आलं. पुन्हा खाली गेलं. दिशानं वाकून बघितलं. पेडलवर तांबड्या मातीचा पाय उमटला होता, रुंद, पुरुषी, अनवाणी. तिनं घाबरून तो फडक्यानं पुसून टाकला आणि कुणाला काही बोलली नाही. का नाही बोललीस गो? मला ओरडता आलं असतं तर मी सगळी वाडी गोळा केली असती!

स्पर्धा तोंडावर आली होती. दुपारची वेळ, बाहेर रणरणतं ऊन. हौसाकाकी शेत भाजायला लागणारी कवळं, म्हणजे झाडांच्या तोडलेल्या फांद्यांचे भारे, अंगणात रचत होती. दिशानं गाणं सुरू केलं. मधला भाग गेला, शेपूट आलं, ठोकळ्यांचा पाऊस आला, आणि तिनं एकही चुकवला नाही. गाणं पुरं झालं! पडद्यावर सोनेरी अक्षरं नाचली. इतके महिने ती ज्याच्यासाठी रडली होती ते हेच. तिनं आनंदानं हात वर करायला बघितले, पण हात वर गेले नाहीत. ते वाजवतच राहिले.

"बस," ती हाताकडे बघून म्हणाली. "बस ना!"

तेवढ्यात वीज गेली. पडदा काळा झाला, पंखा थांबला. वीज गेली की मी मुका होतो, मित्रांनो. माझ्या रबरावर काठी पडली तर फक्त टपटप होतं. पण त्या दुपारी माझ्यातून ढोल वाजत होता. कातड्याचा, पोकळ छातीचा खरा ढोल. चिऱ्यांच्या भिंती घुमायला लागल्या. ज्या गोष्टीसाठी मी जन्मभर झुरलो ती अशी माझ्या वाट्याला आली, आणि देवाशपथ सांगतो, मला ती नको होती. माझ्यासमोर दिशाचा श्वास तुटत होता. तिचं काळीज कसं धडधडत होतं ते तिच्या पायातून स्टुलाला आणि स्टुलातून जमिनीला कळत होतं. केरूकाका असेच वाजवता वाजवता गेले होते. आता हिची पाळी आहे, हे मला दिसत होतं.

"काकी!" ती किंचाळली. "काकी, थांबव मला!"

हौसाकाकी धावत आत आली. तिनं दिशाची मनगटं पकडली, तर काकीच भिंतीवर फेकली गेली. पुन्हा उठली. आणि तशीच खिळून उभी राहिली. ती ऐकत होती.

"हा पालखी नाचवायचा ढोल," ती पुटपुटली. "हे आमच्याच दारात वाजवीत होते. पालखी नाचत होती नि हे पडले. मग कसला ढोल नि कसलं काय! पोरांनी पालखी तशीच मुकाट सहाणेवर नेऊन बसवली." सहाण म्हणजे देवळापुढचा पालखीचा चौथरा. पालखी तिथे टेकेपर्यंत ढोल थांबवायचा नाही, अशी वाडीची रीत. "त्यांना कुणी सांगितलानच नाय गो! ते अजून वाजवतायत!"

ती माझ्यासमोर आली, पदर डोक्यावरून घेतला आणि दिशाच्या मागे, जिथे कुणीच नव्हतं तिथे बघून म्हणाली, "अवो, बसली पालखी. कवाच बसली. ठेवा आता."

ढोल थांबला नाही. उलट चढला. दिशाच्या नाकातून रक्ताचा थेंब माझ्या पिवळ्या पॅडवर पडला.

"इश्वास नाय माझ्यावर," काकी म्हणाली. तिच्या आवाजात रागही होता आणि रडूही होतं. मग तिनं जे केलं ते त्या वाडीत कुठल्या बाईनं केलेलं मी ऐकलेलं नाही. तिथे पालखीला बायका खांदा देत नाहीत, विधवा तर लांबूनच हात जोडते. हौसाकाकीनं चुलीजवळचा लाकडी पाट उचलला. त्यावर नारळ ठेवला, तो लाल फडक्यानं बांधला आणि पाट खांद्यावर घेतला. आणि ती नाचली. म्हातारी, गुडघे दुखणारी बाई त्या काळोख्या खोलीत पालखी नाचवतात तशी नाचली, पाट डावीकडे झुकवत, उजवीकडे झुकवत. ढोल तिच्या पावलांबरोबर चालला. ती हळू झाली की तो हळू, ती वळली की तो वळायचा. किती वर्षांनी ती दोघं एकत्र होती, आणि दोघांच्या मधे ते पोर मरायला टेकलं होतं.

शेवटी काकीनं गुडघे टेकले आणि पाट माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. अगदी हलक्या हातानं.

"बसली," ती म्हणाली. "बघा डोळ्यांनी. बसली."

ढोल थबकला. मग एक मोठा ठोका, जरा थांबून दुसरा, आणि दोन्ही काठ्या एकदम माझ्यावर पडल्या तो शेवटचा. माझ्या पेडलवरचं ओझं उतरलं. काठ्या घरंगळत खाली गेल्या आणि दिशा काकीच्या कुशीत कोसळली.

इतक्या दिवसांचं साचलेलं दुखणं तिला एकदम आलं. मनगटं सुजून टम्म झाली, पाण्याचा तांब्या उचलेना. ती रात्रंदिवस कण्हत होती आणि मला मात्र इतका आनंद झाला होता की काय सांगू! स्पर्धा हुकली ती हुकलीच. काकीनं त्या काठ्या शिमग्याच्या होमात दिल्या. रघू घाबरून मुंबईहून धावत आला आणि मला फेकून द्यायला निघाला, तेव्हा दिशाच आडवी आली. "त्याचा काय दोष, बाबा?" एवढंच ती म्हणाली. मी कधी रडलो असतो तर तेव्हा रडलो असतो.

आता ती पुन्हा निम्म्या वेगावर घोटते. शेपूट आलं की चुकते, चिडते, मला दोन शिव्या घालते. तिचा ठोका परत कडेला सरकायला लागला आहे. जिवंत माणसाचा ठोका असाच असतो, म्हणून मला तो गोड लागतो.

तर मित्रांनो, आमच्यासारख्यांना सांभाळा, धूळ पुसा, वायर ओढू नका, हे सांगायला हवंच. पण त्याआधी स्वतःचे हात सांभाळा. हात दुखायला लागले की थांबा, पाणी प्या, उद्या परत या. आणि ज्या दिवशी कितीही वाजवलं तरी हात अजिबात दुखणार नाहीत, त्या दिवशी खूश होऊ नका. काठ्या खाली ठेवा, घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं हाक मारा, आणि ते येईपर्यंत मागे वळून बघू नका.