जावयाचं यंत्र

हरेशच्या सासुरवाडीला शहराचं पाणी फुकट मिळायचं. धरणाकडून शहराकडे निघालेला पुरुषभर उंचीचा लोखंडी पाइप शहापूरजवळ त्या पाड्याच्या वरच्या अंगानं जातो. त्याच्या पोटाला सुईएवढं भोक पडलं होतं, त्याखाली बायका हंडे लावत. पाड्यात नळ नव्हता. भोक मात्र इमानी, एकाही उन्हाळ्यात आटलं नाही.

हरेश मुरबाडचा, ठेकेदाराकडे पाइप तपासायच्या कामावर. यंदा नेमका हाच तुकडा त्याच्या वाट्याला आला. त्याचं यंत्र तिथं फिरून झालं त्याच दिवशी सासूबाई जनाबाईंनी कोंबडी कापली. जावयासाठी कोंबडी नेहमीचीच, पण या खेपेला दोन्ही तंगड्या त्याच्याच ताटात पडल्या. तेव्हाच त्यानं ओळखायला हवं होतं.

"यंत्राला काय दिसतं, जावई?" जनाबाईंनी वाढता वाढता विचारलं.

"पाइपच्या पत्र्यात चुंबक भरतो. पत्रा जाड असला की ते आतल्या आत राहतं. गंजून पातळ झाला की तिथून बाहेर सांडतं, आणि कंप्युटरवर रेघ वर उडते."

"म्हणजे पाण्याआधी चुंबक गळतं," मेहुणा कान्हा म्हणाला.

"तसंच. मग हादरे, उगाचची खडखड, सगळं गाळून टाकायचं. उरतो तो खरा गंज."

"एवढं गाळता, तर आमचं भोकबी गाळा की, भावोजी."

सगळे हसले, हरेश सोडून. नुसत्या भोकाचं त्याला काही नव्हतंच. भोकाभोवती आतल्या बाजूनं परातीएवढा पत्रा खाल्ला गेला होता. वरून रंग शाबूत. तो फुटला तर पहिला लोंढा जनाबाईंच्याच घरात शिरणार होता. त्यानं तसं सांगितलं.

"तुमची बायको त्याच पाण्यावर वाढली," जनाबाई म्हणाल्या. "तवा नाय फुटला तो?"

हरेशनं रिपोर्ट दिला. शेवटी एक ओळ स्वतःच्या पदरची घातली: दुरुस्तीबरोबर पाड्याला एक नळ द्यावा. साहेबानं ती खोडली. "पाइपची तब्येत विचारली होती, पाड्याची नाही."

पाड्याच्या अर्जांना कधी उत्तर न देणारं पाणीखातं लगोलग वेल्डर घेऊन आलं. पत्रा बसला, रंग लागला, गळती थांबली. आता बायका ओढ्याच्या वाळूत झरे उकरतात.

हरेशची बायको वर्षा माहेरी जाऊन आली की त्याच्यासाठी निरोप आणते. "आई विचारते, फुटला का पाइप?"

याला उत्तर काय द्यायचं? फुटला नाही, म्हणजे हरेशचं काम चोख झालं. पाड्याच्या हिशेबात मात्र फुटला नाही म्हणजे जावई खोटा, आणि पाणी तोडलं ते उगाच.

वर्षभरानं त्याच जागी पुन्हा यंत्र फिरलं. ठिगळाच्या कडा सोडल्या तर रेघ सपाट, पत्रा ठणठणीत. हरेशला बरं वाटायला हवं होतं. त्यानं ती रेघ मोठी करून पाहिली, आणखी मोठी करून पाहिली, कुठे काही उठतंय का म्हणून.